तिसऱ्या टाकीची वेळ

माणसाने प्रेमात कुठे पडावे याला नियम नाही, पण निदान जागा तरी बरी असावी. इन्शा तांबोळीच्या वाट्याला आले ते ओझरजवळचे एक जुने पॉलिहाउस. पूर्वी तिथे गुलाब व्हायचे. आता तिथे लांबट, उथळ अशा तीन टाक्या होत्या, त्यांत खारे पाणी आटत पडलेले असायचे आणि आत पाऊल टाकले की चष्म्यावर वाफ धरायची. अशा ठिकाणी कोणाचे केस नीट राहत नाहीत, कोणाचा चेहरा खुलत नाही. तरीही…

जूनमधली दुपार होती. इन्शा तिसऱ्या टाकीवर वाकून पाण्याची घनता मोजत होती. काचेची नळी पाण्यात सोडायची, ती तरंगली की आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. रोजचेच काम. आकडा वाचून तिने मान वर केली, तर पलीकडच्या काठावर एक अनोळखी तरुण उकिडवा बसलेला. एका हातात पाना आणि दुसऱ्या हाताचे बोट… टाकीत. तिच्या देखत त्याने ते बोट जिभेला लावले.

"अहो, काय करताय? चाखायचं नसतं ते."

"कडू आहे," तो शांतपणे म्हणाला. "पहिल्या टाकीतलं नुसतं खारट. मधलं जिभेला जरा चावतं. हे कडू."

"तुम्ही तिन्ही चाखलंत?"

"थोडं थोडं."

इन्शाला रागवायचे होते. पण तो बोलला ते शब्दन् शब्द बरोबर होते आणि तेवढेच कळायला तिला एम. एस्सी. करावे लागले होते. याचाच तिला जास्त राग आला.

"नाव काय तुमचं?"

"मुबीन. चांदवडचा. पंप आणि पाइप बघायला आलोय, आजपासून इथंच."

"मग पंपाला हात लावा. पुन्हा पाणी चाखलंत आणि पोटात दुखलं, तर दवाखान्यात मी नेणार नाही."

"मग कोण नेईल?"

"इथले राखणदार, सहादूभाऊ. सायकलवर. मागच्या चाकात हवा नसते."

तो हसला. गालात नाही, डोळ्यांत हसला. इन्शाने घाईघाईने वहीत आकडा लिहिला. तो चुकीचा लिहिला गेला, हे तिला संध्याकाळी कळले.

आता या पाण्याचे थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्याच्यामुळेच घडले. हे पाणी समुद्रापारच्या एका खाऱ्या सरोवरातले. निळ्या पिंपांतून नाशिकला आलेले. त्यात लिथियम होते, म्हणजे मोबाइलपासून मोटारीपर्यंत सगळ्यांच्या बॅटरीला जे लागते ते. पाणी आटत गेले की त्यातले क्षार एकेक करून खाली बसतात. पहिल्या टाकीत साधे मीठ. दुसरीत पोटॅशचा क्षार. तिसरीत कार्नालाइट नावाचा कडू क्षार. लिथियम मात्र हटवादी, ते शेवटपर्यंत पाणी सोडत नाही. बाकीचे सगळे बसले की उरलेले पाणी काढून घ्यायचे, त्यात लिथियम. ऐकायला सोपे आहे. अवघड एवढेच, की कोणता क्षार कोणत्या दिवशी, किती वाजता बसू लागणार हे आधी सांगता आले पाहिजे. ते चुकले तर हाती येतो नुसता चिखल आणि लिथियम त्या चिखलाबरोबर जाते.

ते आधी सांगणे हे इन्शाचे काम. कोणत्या घनतेला कोणता क्षार पाण्यात मावेनासा होतो, आतली उष्णता किती, हवेत ओल किती, या सगळ्याचे गणित तिने स्वतः बांधले होते. हैदराबादची चांगली नोकरी नाकारून. घर सायखेड्यात, स्कूटरवर अर्ध्या तासाचा रस्ता, आणि मनात एकच हट्ट, की हे काम नाशिकला उभे राहील. मालक रंगनाथ सर पूर्वी खतांच्या धंद्यातले, स्वभावाने सावध. त्यांनी पहिल्याच दिवशी साफ सांगितले होते, "मॅडम, पाणी पाठवणाऱ्या कंपनीला तीन खेपा दाखवायच्या. तिन्ही खेपांत तुमचा अंदाज खरा ठरला तर मोठा कारखाना इथं. नाही ठरला तर पिंपं परत आणि शेडला कुलूप."

शेडच्या दाराशी एक पांढरा फळा होता. त्यावर इन्शा प्रत्येक टाकीचा अंदाज लिहायची. टाकी पहिली, गुरुवार, दुपारी चार.

एका सकाळी त्या ओळीखाली दुसरी ओळ दिसली. मुबीन : रात्री नऊ.

"हे काय?"

"माझा अंदाज. पैज लावा. हरेल त्यानं हायवेवरच्या टपरीवर चहा पाजायचा."

"कशाच्या जोरावर नऊ?"

"मन म्हणालं."

"मनानं वेळही सांगितली? साडेआठ नाही, नऊच?"

"मन फार काटेकोर आहे माझं… काही बाबतींत."

गुरुवारी चारला दहा कमी असताना पहिल्या टाकीच्या तळाशी पांढरे कण चमकू लागले. मुबीनने चहा पाजला. पुढच्या टाकीला तो पुन्हा हरला. मग पुन्हा. दोन खेपांत सहा पैजा झाल्या आणि सहाही वेळा त्यानेच चहा पाजला. दोघांच्याही घरी हिंदी बोलत. पण पहिले भांडण मराठीत झाले आणि ते इतके छान जमले, की भाषा बदलायचे कोणाच्या मनातच आले नाही.

"तुम्हाला हरायची हौस आहे का?" सहाव्या चहाला तिने विचारले.

"चहाची आहे."

"चहा तर एकट्यालाही मिळतो."

"मिळतो," तो ग्लासात बघत म्हणाला. "पण… तो नुसताच चहा असतो."

इन्शाने ओढणी उगाचच सारखी केली. हायवेवरून कांद्याचा एक ट्रक गेला, मग दुसरा, आणि दोघेही ते ट्रक फार महत्त्वाचे असल्यासारखे बघत राहिले.

त्या चहांमधूनच तिला त्याचे घर कळले. मुबीनचे वडील, सलीमभाई, खडीसाखर करायचे. एकाच कढईतली साखर रेणुकामातेच्या यात्रेतही विकायची आणि दर्ग्याच्या उरुसातही. दाट पाक भांड्यात ओतायचा, त्यात दोरे ताणून ठेवायचे, वरून झाकायचे आणि आठ दिवस त्या खोलीत पाय आपटायचा नाही. "लहानपणी आम्ही त्या खोलीत कुजबुजायचो," मुबीन म्हणाला. "मला अजून वाटतं, गोड बोलायचं तर हळूच बोलावं."

"म्हणून तुम्ही पंपाशी इतकं हळू बोलता?"

"पंपाशी नाही बोलत मी," तो म्हणाला. तिने ग्लास ओठांना लावला. तो कधीच रिकामा झाला होता.

ऑक्टोबर आला, तिसऱ्या खेपेची पिंपे आली. एक दिवस तिसऱ्या टाकीतल्या आधीच्या खेपेच्या उरल्यासुरल्या पाण्यात नळी सोडताना इन्शा वैतागून म्हणाली, "या तळाला बघा कशी खरखरीत खपली धरलीये. नळीचं टोक फुटेल एखाद्या दिवशी. आणि दिसतं किती घाण." म्हणाली आणि विसरून गेली. ऐकणारा विसरला नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती कामासाठी नाशिकला गेली होती. खंडेनवमीला सकाळी शेडमध्ये आली तर दारातच थबकली. पंपांना झेंडूच्या माळा, तिच्या लॅपटॉपला हळदकुंकू, पाना-पक्कड पाटावर मांडलेली. आणि तिसरी टाकी… तिच्यात तोंड दिसेल इतकी लख्ख. खपलीचा ठिपका नाही.

शेड सांभाळणारे सहादूभाऊ कौतुकाने सांगू लागले, "मॅडम, म्या दोन टाक्या नुसत्या खंगाळल्या. पण ही तिसरी त्या पोरानं दिसभर घासली. आधी गरम पाणी, मंग काथ्या, मंग फडकं. म्हनलं, अरं बास कर. तर म्हनतो, मॅडमच्या नळीला लागायला नको."

"कुठंय तो?"

"चांदवडला गेला. यात्रा हाय ना, बापाला दुकानावर हात लागतो. पाच-सात दिसांनी यील."

इन्शा लख्ख तळाकडे बघत राहिली. कोणी कोणाला फुले देते, कोणी आणखी काही. तिच्यासाठी कोणी दिवसभर उकिडवे बसून टाकी घासली होती. तिला वाटले, ही गोष्ट मैत्रिणींना सांगितली तर हसतील. आणि हसू देत. आपण या माणसावर जीव टाकून बसलो आहोत, हे तिने तिथेच, झेंडूच्या वासात, स्वतःपाशी कबूल केले.

पहिल्या टाकीने वेळ पाळली. दुसरीनेही पाळली. मग दुसऱ्या टाकीतले अर्धे पाणी कापडातून गाळून तिसऱ्या टाकीत सोडले, आणि इन्शाने फळ्यावर लिहिले. टाकी तिसरी, मंगळवार, दुपारी चार. खालची ओळ या वेळी रिकामी होती.

मंगळवारी चार वाजले. तळ लख्खच. पाच वाजले, सहा वाजले. नळीतला आकडा चढत होता, पाणी तेलासारखे जड झाले होते, पण एक कण बसायला तयार नव्हता. बुधवारचा दिवस तसाच गेला. गुरुवारी सकाळी सहादूभाऊंनी सहज टाकीच्या काठाला बादली टेकवली आणि बघता बघता सगळी टाकी पांढरी झाली. एकदम, एका दमात. बारीक, चिकट, शिऱ्यासारखा गोळा. त्यात पाणी अडकले आणि पाण्यात लिथियम. तपासणीचा कागद आला तेव्हा निम्म्याहून जास्त लिथियम चिखलात गेले होते.

रंगनाथ सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. "दुसऱ्या टाकीत अर्धं पाणी उरलंय ना?" ते म्हणाले. "ते तसंच परत पाठवतो. सोमवारपर्यंत मला लिहून द्या, की हे गणित तिसऱ्या टाकीला चालत नाही. माझ्यावर विसंबून कोणी फसायला नको, मॅडम."

शनिवारी दुपारी ती ते पत्र लिहीत बसली होती. 'माझा अंदाज चुकला' एवढे लिहून झाले होते, पुढचे वाक्य येत नव्हते. दारात सावली पडली. मुबीन. हातात कागदाची पुडी.

"अब्बांनी दिलीये. यात्रेतली—" तो थांबला. "काय झालं?"

तिने सांगितले. आकडे सांगितले, वेळ सांगितली, बादली टेकवल्याचे सांगितले. सांगताना आवाज स्थिर राहिला याचे तिला बरे वाटले. मग दिसले, की मुबीनचा चेहरा मात्र उतरत चालला आहे.

"बादली टेकवली आणि एकदम बसला?"

"एकदम."

तो जवळच्या पिंपावर बसला. "मॅडम, मी सात वर्षांचा होतो," तो म्हणाला. "अब्बांना मदत म्हणून साखरेचे दोरे धुऊन ठेवले. साबण लावून. अब्बा दोरे ताणायच्या आधी त्यांना साखर चोळतात, जुनी साखर, बारीक करून. मला वाटलं दोरे मळलेत. अब्बांच्या ध्यानात आलं नाही, त्यांनी तसेच ताणले. आठ दिवसांनी झाकण काढलं तर पाक तसाच. दोऱ्याला एक खडा नाही. आणि भांडं उचललं, हिंदकळलं, तर सगळा पाक घट्ट… पिठीसारखा." त्याने मान वर केली. "साखरेला बसायला आधीची साखर लागते. मला हे माहीत होतं. सात वर्षांचा असताना मार खाऊन शिकलो होतो. तरी मी तुमची टाकी घासली."

"तुम्ही घासलीत," इन्शा हळू म्हणाली.

"तुम्ही म्हणाला होतात, दिसतं घाण… मी सरांना आत्ताच फोन करतो. तुमचं काही चुकलेलं नाही. माझं नाव सांगतो."

पण इन्शा ऐकत नव्हती. तिने वही उघडली होती आणि भराभर मागे जात होती. मे महिना. टाक्या नवीन आल्या तेव्हाची पहिली चाचणी. तिसरी टाकी, दीड दिवस उशीर, मग एकदम चिखल. त्यावर तिनेच लाल रेघ मारून लिहिले होते, 'सवय नव्हती, धरू नये.' नवी टाकी. कोरा तळ. पुढच्या दोन खेपांना तळाशी आधीच्या क्षाराची खपली होती आणि वेळ बरोबर आली. वहीत हवेचा रकाना होता, उन्हाचा होता, ओलीचा होता. घासण्याचा नव्हता.

"मुबीन." ती उठून उभी राहिली. "माझं गणित सांगतं, पाण्यात क्षार कधी मावेनासा होतो. ते बरोबरच आहे. पण मावेनासा झाला तरी त्याला टेकायला जागा हवी. खपली ही ती जागा होती." तिचे डोळे भरून आले आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. "मी चुकले नाही. कळतंय का तुम्हाला? मी चुकले नाही."

"मी चुकलो."

"हो. तुम्ही लय चुकलात," ती म्हणाली, खास सायखेड्याच्या सुरात. "आणि आता सोमवारच्या आत तुम्हीच ते दुरुस्त करायचं."

सहादूभाऊंना समजावून सांगितले तेव्हा ते मान हलवत म्हणाले, "म्हंजी इरजण लावल्यागत. आधी सांगाया पायजे ना. मंग मी त्याला घासू दिली असती व्हय?"

चिखल उपसल्यावर तिसरी टाकी पुन्हा धुवावी लागलीच होती, म्हणजे तळ पुन्हा कोरा. उरलेले अर्धे पाणी गाळून त्यात सोडले. रंगनाथ सरांनी एवढेच कबूल केले, की सोमवारी ते स्वतः येतील आणि कंपनीच्या माणसांना फोनवरून सगळे समोरासमोर दाखवतील. "जमलं तर जमलं. नाही तर तिथंच त्यांना सांगून टाकू."

दोऱ्यांची कल्पना मुबीनची. दुसऱ्या खेपेचा चांगला क्षार इन्शाने नमुना म्हणून काचेच्या बरणीत जपून ठेवला होता. तो तिने जड मनाने खलात कुटला. मग सुतळीचा गुंडा इकडून तिकडे फेकत दोघांनी एका लाकडी चौकटीवर ओळीने सुतळ्या ताणल्या आणि त्यांना तो क्षार चोळत गेले. बोटे पांढरी झाली. मधल्या सुतळीवर दोघांची बोटे समोरासमोर आली आणि… थोडा वेळ क्षार चोळणे राहून गेले.

"पण घाई करायची नाही," इन्शा आधी भानावर आली. "वेळेआधी बुडवल्या तर पाणी अजून भुकेलं असेल, सुतळीवरचा क्षारही विरघळेल. उशीर झाला तर पुन्हा शिरा. बुडवायच्या त्या नेमक्या वेळी."

"वेळ तुम्ही सांगा. दोरे मी धरतो."

सोमवारी सकाळी तिने फळ्यावर लिहिले. टाकी तिसरी, दुपारी पावणेतीन.

आणि अकरा वाजता परतीचा पाऊस आला. प्लास्टिकच्या छपरावर असा बडवत आला, की कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येईना. आतली हवा ओली झाली, आटणे मंदावले. इन्शा लॅपटॉपशी वाकली होती. उष्णता इतकी, ओल इतकी, मागच्या तासाचा आकडा, या तासाचा. तिने उठून फळ्यावरची वेळ पुसली आणि लिहिले, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटे.

रंगनाथ सर छत्री मिटत आत आले ते नेमके तेव्हाच. "मॅडम, वेळ बदलली? ऐन वेळी बदललेल्या अंदाजाला लोक काय म्हणतील?"

"पाऊस बदलला, सर. अंदाज तोच आहे."

तेवढ्यात मुबीनने खडू मागावा तसा तिच्यापुढे हात केला. तिने फळ्याचे पेन त्याच्या हातात दिले. नेहमीच्या जागी, तिच्या ओळीखाली, त्याने सावकाश लिहिले. मुबीन : पाच वाजून दहा मिनिटे.

ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "मग चहा कोण पाजणार?"

"आज चहासाठी नाही लिहिलं," तो तिच्या कानाशी म्हणाला. छपरावर पाऊस कोसळत होता आणि त्याचा श्वास तिच्या कानाला लागला. तिने मान वळवली नाही. वळवली असती तर सरांना सगळेच दिसले असते.

पाचला पाऊस थांबला. फोनच्या पडद्यावर तीन अनोळखी चेहरे बघत होते, सर फोन टाकीवर धरून उभे होते. चौकटीची एक बाजू मुबीनने धरली होती, दुसरी सहादूभाऊंनी. इन्शा नळीतला आकडा वाचत होती. एक पॉइंट दोन सहा आठ… दोन सहा नऊ…

"आता," ती म्हणाली. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

चौकट पाण्यात उतरली. पाच मिनिटे गेली. सुतळ्या पाण्याखाली तशाच दिसत होत्या, पांढुरक्या, निमूट. चोळलेला क्षार विरघळला नव्हता, एवढाच धीर. दहा मिनिटे. इन्शाने पुन्हा आकडा वाचला, दोनदा वाचला. तो चढायचा थांबला होता. आटणे चालू असून जडपणा वाढत नाही, याचा अर्थ एकच.

"मॅडम," सहादूभाऊ कुजबुजले, "ते बघा."

मावळतीचे ऊन ढगांखालून आडवे आत आले होते, आणि पाण्याखालच्या प्रत्येक सुतळीवर बारीक कडा चमकत होत्या. मग त्या जाड झाल्या. तासाभरात सुतळ्यांना गव्हाएवढे स्वच्छ दाणे लगडले, सुटून तळाशी पडले, त्यांच्या जागी नवे आले. चिखल नाही, शिरा नाही. वरचे पाणी नितळ.

इन्शा काठावर मटकन बसली. रडायचे नाही असे ठरवले होते, ते तिने दुसऱ्या कुठल्या दिवसावर ढकलले आणि मनसोक्त रडून घेतले. रंगनाथ सर फोनमध्ये इंग्रजीत काही सांगत होते. ते मधेच थांबून मराठीत म्हणाले, "आमच्या मॅडमनी पावसातसुद्धा वेळ सांगितली," आणि समोरच्यांना ते कळले नाही हे त्यांच्या लक्षातही आले नाही.

बुधवारी दुपारी तपासणीचा कागद आला. शंभरातले चौऱ्याण्णव भाग लिथियम पाण्यात राहिले होते. मोठा कारखाना नाशिकलाच होणार होता, आणि प्रत्येक खेपेआधी टाकीत चोळलेल्या सुतळ्या सोडायच्या, हे कंपनीच्या कागदावर इन्शा तांबोळीच्या नावाने लिहिले गेले. तिने हट्टाने त्याशेजारी दुसरे नावही घालायला लावले. सरांनी पेढे आणायला सहादूभाऊंना पिटाळले.

शेडमध्ये दोघेच उरले.

"एक विचारू?" इन्शा म्हणाली. "चांदवडच्या खडीसाखरेच्या घरातला माणूस. जिभेनं पाणी ओळखणारा. सहाच्या सहा पैजा हरतो?"

मुबीनने पाना उचलला, पुन्हा खाली ठेवला. "पहिल्या दिवशी तुमची वेळ बघितली आणि कळलं, बरोबर आहे. मग मी जिंकायचा मार्ग नव्हता. तुमच्याबरोबर बसायचा होता." तो थांबला. "मला असं फळ्यावर लिहिता येत नाही, इन्शा. वेळ, वार, काही नाही. एवढंच माहीत आहे, की त्या दिवशी ती टाकी घासताना मी इतका खूश होतो, की जे मार खाऊन शिकलो तेही विसरलो."

शनिवारपासून तिच्या टेबलावर पडून राहिलेली पुडी त्याने उघडली. आत दोऱ्याला धरलेली खडीसाखरेची एकच मोठी खडी होती, मुठीएवढी, आरपार दिसणारी.

"अब्बांनी विचारलं, एवढी मोठी कोणासाठी ठेवलीस. मी सांगितलं. ते म्हणाले, मग तिला विचार, चालेल का."

इन्शाने ती खडी हातात घेतली, उजेडात धरली, काटेकोरपणे निरखली. कडा सरळ, रंग स्वच्छ, आत बुडबुडा नाही. तज्ज्ञाला नावे ठेवायला जागा नव्हती. तिने कोपऱ्यातून एक तुकडा दातांनी तोडला आणि चवीने खाल्ला. तो श्वास रोखून बघत होता.

"चालणार नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडायच्या आत तिने त्याचा हात धरला, पाना लागून खरचटलेला, आणि सोडला नाही.

"एवढीशी चालणार नाही. सायखेड्यात साखरपुड्याला आमची दोनशे माणसं येतात. अब्बांना म्हणावं, मोठी कढई काढा… आणि दोरे धुवायला तुम्हाला देऊ नका."